अंगाची आणेवारी

(नगर जिल्ह्यातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे. आकडे तेवढे नंतर तपासून घेतले.)



नगर जिल्ह्याचं नाव काढलं की मुंबई-पुण्याच्या आपल्या पोरांना सोनई आठवते, खर्डा आठवतो. २०१३ आणि २०१४. आठवलंच पायजे. पण आज मी त्याच्यावर बोलणार नाही. मी उन्हावर बोलणार आहे.

काल रात्री जेवताना एक कार्यकर्ता मला म्हणाला, "काका, ऊन हा काय चळवळीचा विषय झाला? ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं. उन्हाला जात नसते." मी म्हणालो, बरोबर आहे बाबा. पाण्यालाही जात नव्हती. तरी १९२७ ला बाबासाहेबांना महाडला जावं लागलं. तळ्याला जात नव्हती, तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्यांना होती.

उन्हाचं तसंच आहे. ऊन आभाळातून येतं, पण ते कुणाच्या अंगाला किती लागणार हे खाली जमिनीवर ठरतं. जमीन कुणाची, पाणी कुणाचं, सावली कुणाची, यावर ठरतं. मला आज एवढंच सांगायचंय. बाकी सगळा त्याचा पुरावा.

मी कर्जत तालुक्यातला. बहात्तरच्या दुष्काळात सहा वर्षांचा होतो. आमच्याकडे जमीन नव्हती. वतनाचा तुकडा आज्यानं कधीच गहाण टाकलेला. पाऊस बुडाला तसं गावातलं काम बुडालं आणि सगळी वस्ती दुष्काळी कामावर गेली. रस्त्याचं काम, खडी फोडायची. आई, बाप, थोरली चुलती, सगळे. पोरं बरोबर. खायला मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची चव ज्यांनी चाखली त्यांना आजही सांगावी लागत नाही.

कामावर पाण्याचे दोन माठ होते. एक बाभळीखाली, एक उघड्यावर. कुणाचा कुठला ते मी सांगत नाही, तुम्हाला कळतं. आमच्या माठातलं पाणी अकरा वाजताच कोमट व्हायचं, आणि दुपारपर्यंत माठ रिकामा. पुन्हा भरायचा तर पाणी लांब. आणि पाण्याला गेलं की माप कमी भरतं, माप कमी भरलं की मजुरी कमी. म्हणून बाया पाण्याला जातच नसत. तहान मारायच्या.

१९७३ च्या मे महिन्यात एका दुपारी चुलती खडीच्या ढिगावर बसल्या जागी कलंडली. अंग भट्टीसारखं, आणि घाम नाही. आईनं पदर ओला करायला पाणी मागितलं. बाभळीखालच्या माठाला हात लावायला कुणी दिला नाही. मुकादमानं काय केलं? त्या दिवसाचा खाडा मांडला. सकाळपासून फोडलेली खडी तिथंच पडली होती, पण माणूस संध्याकाळी मापाला उभं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. गाव म्हणालं, ताप आला होता. कागदावर काहीच आलं नाही. आला तो फक्त खाडा.

मी लहानपणापासून एक प्रश्न घेऊन फिरत होतो. चुलती दुष्काळानं मेली का उन्हानं? पुढं शिकलो, शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा कळलं की प्रश्नच चुकीचा आहे. ती दोन कारणं नव्हतीच. एकच होतं.

ते कसं, हे त्या माठावरूनच सांगतो.

माठ पाणी गार का करतो? माठाला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाळतं. वाळायला, म्हणजे वाफ व्हायला, पाण्याला उष्णता लागते. ती ते माठातून घेतं. एक लिटर पाणी चुलीवर ठेवून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सात-आठपट उष्णता तेच एक लिटर पाणी वाळून जाताना खाऊन जातं. म्हणून आतलं पाणी गार. पण माठ रिकामा असला तर? नुसतं खापर. उन्हात ठेवलं तर हात लाववत नाही.

जमीन हा मोठा माठ आहे. जमिनीत ओल असेल तर वर पडणाऱ्या उन्हाचा मोठा वाटा ती ओल वाळवण्यात खर्च होतो. झाडं-पिकं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांतून सोडतात, त्यातही खर्च होतो. हवा तापवायला ऊन कमी उरतं. जमीन कोरडी पडली की वाळवायला काही राहत नाही. सगळं ऊन माती तापवतं, माती हवा तापवते. आभाळातून येणारं ऊन तेवढंच, पारा मात्र वर.

आपण काय समजतो? ऊन पडलं म्हणून पाणी आटलं. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं उलटं आहे. पाणी नाही म्हणून ऊन चढलं. आणि ही दोन्ही एकमेकांच्या गळ्यात गळा घालून चालतात. हवा एक अंशानं तापली की पाण्याची वाफ धरायची तिची ताकद सात टक्क्यांच्या आसपास वाढते. म्हणजे तापलेली हवा जास्त तहानलेली. ती विहिरीतून, तळ्यातून, मातीतून, पिकाच्या पानातून आणखी पाणी ओढते. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास पाणी उडतं. चौरस मीटरमागे रोज दहा लिटर. पाणी उडालं की जमीन आणखी कोरडी, जमीन कोरडी की हवा आणखी गरम. सावकाराच्या व्याजासारखं आहे हे. व्याज फिटत नाही म्हणून मुद्दल वाढतं, मुद्दल वाढलं म्हणून व्याज वाढतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळीकडं सारखंच होत असेल. नाही. कोकणात चार महिने एवढं कोसळतं की एखादा पाऊस कमी पडला तरी जमीन ओलीच. वाळवंटात जमीन बाराही महिने कोरडी, तिथं आणखी कोरडी काय होणार? हा खेळ सगळ्यात जोरात चालतो तो मधल्या मुलखात. पाऊस आला तर जमीन ओली, चुकला तर खापर. तो मधला मुलूख म्हणजे आपण. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला दख्खन.

याच जिल्ह्यात बघा. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस. तोच ढग पूर्वेला येईपर्यंत रिकामा. कर्जत, श्रीगोंदा, पारनेर, पाथर्डी, जामखेड इकडं पाचशे-सहाशे. तोही चार महिन्यांत, आणि त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरचा, परतीचा. सप्टेंबरच्या ओलीवर इथं रब्बीची ज्वारी येते. काळ्या मातीनं ओल धरून ठेवायची आणि तिच्यावर ज्वारीनं माघ-फाल्गुनापर्यंत जगायचं.

आता सप्टेंबर बुडाला असं धरा. ज्वारी गेली हे सगळ्यांना दिसतं. पण आणखी एक गोष्ट होते, ती दिसत नाही. माठ दिवाळीतच रिकामा होतो. मे महिन्यात तर चांगल्या सालातही आपली वरची माती कोरडीच असते, तेव्हा मे महिन्यातला फरक थोडा. खरा फरक पडतो आधी आणि नंतर. फेब्रुवारी-मार्चमध्येच ऊन भाजायला लागतं. आणि पुढचा पाऊस लांबला तर जून-जुलैत उन्हाळा हटत नाही. दुष्काळ उन्हाळ्याला दोन्ही टोकांनी लांब करतो. आपल्या बाया सांगतात, "औंदा थंडी पडलीच न्हाई, संक्रांतीपासनंच तापतंय." ते उगीच नव्हे. त्याच्यामागं शास्त्र आहे.

पुरावा पायजे? ऑगस्ट २०२३ घ्या. ऐन पावसाळा. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदीत भारतातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. आणि त्याच नोंदीत सगळ्यात गरम ऑगस्टही तोच. एकाच महिन्यानं दोन्ही विक्रम केले. त्या पावसाळ्यानंतर महाराष्ट्र सरकारनं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

त्याच्या आधीचं २०१८ चं साल. पाऊस बुडाला. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले बरेच. पुढचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. एप्रिल २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात पुण्याचा पारा ४३ वर आणि नगरचा पंचेचाळिशीच्या आसपास. चारा छावण्यांत जनावरं आणि त्यांच्यासंगं माणसं. मग जून उजाडला, मृग कोरडा गेला, पावसाला महाराष्ट्रात पोचायला जूनचा तिसरा आठवडा संपत आला.

आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, रोहिणी तापली की पाऊस चांगला. त्यात तथ्याचा एक तुकडा आहे. जमीन तापते म्हणून समुद्राकडचं वारं आत ओढलं जातं. पण तेवढ्यानं भागत नाही. तिकडं प्रशांत महासागराचं पाणी तापलं, ज्याला एल निनो म्हणतात, की इकडचा पाऊस बहुतेक वेळा ढेपाळतो. १९७२ ला तेच होतं, २०१५ ला तेच, २०२३ ला तेच. २०१५ चा मे आंध्र-तेलंगणात एवढा तापला की दोन हजारांवर माणसं मेली. बहुतेक उन्हात काम करणारी आणि म्हातारी. मग म्हणीप्रमाणं पाऊस चांगला झाला का? देशाचा पाऊस १४ टक्के कमी पडला. पुढच्या एप्रिलात लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं, आणि मे २०१६ मध्ये राजस्थानात फलोदीला ५१ अंशांची नोंद झाली. तापणं हे पावसाचं तारण नव्हे. तापल्यावर पाऊस येईल म्हणून आपल्याला थांबवून ठेवू नका.

इथवर झालं ते मातीचं. आता माणसाचं बोलू.

माणसाचं अंग हाही माठच आहे. आतलं तापमान ३७ च्या आसपास ठेवायचं असतं. उन्हात टिकाव मारणाऱ्या माणसाच्या अंगात बाहेरून ऊन शिरतं आणि आतून काम तापवतं. ते बाहेर टाकायला अंगाकडं एकच मोठा उपाय आहे, घाम. घाम वाळला की अंग गार. जड काम करणाऱ्याचा घाम तासाला एक लिटर सहज जातो. सहा तासांचे सहा लिटर. तेवढं पाणी परत पोटात गेलं पायजे. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं तरी कामाची ताकद घटते. आणखी कमी झालं की रक्त घट्ट, काळजावर ताण, घाम कमी. घाम थांबला की अंगाचा पारा चाळिशीवर जातो, माणूस बरळतं, पडतं, मरतं.

म्हणजे बघा, चुलतीच्या पायाखालची जमीन आणि चुलतीचं अंग एकाच नियमानं तापत होतं. जमिनीत पाणी नव्हतं म्हणून हवा तापली. त्याच दुष्काळानं तिच्या तोंडचं पाणी तोडलं म्हणून अंग तापलं. दोन माठ, दोन्ही रिकामे. फरक एकच. जमिनीचा माठ रिकामा केला पावसानं. तिच्यापुढचा माठ रिकामा ठेवला माणसांनी. बाभळीखालच्या माठात पाणी होतं.

आता त्याच जिल्ह्याची दुसरी बाजू. उत्तरेला चला. प्रवरा, मुळा, गोदावरीचे पाट. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पूर्ण झालं. १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आशियातला पहिला म्हणून त्याचं कौतुक होतं. पाटाखाली ऊस डोलला. उसाच्या फडावर पडणारं ऊन पाणी वाळवण्यात खर्च होतं, म्हणून तिथली हवा कोरडवाहूपेक्षा कमी तापते. पाण्यानं गारवाही विकत घेता येतो. राज्याच्या लागवडीतला चार टक्क्यांच्या आसपास ऊस, आणि सिंचनाच्या पाण्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास हिस्सा त्याचा. हे मी म्हणत नाही, केंद्राचा कृषी मूल्य आयोग म्हणतो.

पण त्या गारव्यातही एक फसवणूक आहे. उडालेलं पाणी हवेत राहतं. हवा दमट झाली की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. निथळलेला घाम अंग गार करत नाही. म्हणून पाऱ्याचा आकडा कमी असला तरी राबणाऱ्या अंगाला सुटका नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात सरकारी पुरस्काराच्या कार्यक्रमाला लोक उन्हात बसवले होते. पारा चाळिशीच्या आत होता. चौदा माणसं मेली. मंडप कुणावर होता आणि ऊन कुणावर, हे फोटोत सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं.

तेव्हा आकड्याला भुलू नका. हवामान खातं पारा मोजतं तो पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर. सावलीत, वारा खेळता. शास्त्राला ते बरोबर आहे, तसंच मोजायला पायजे. पण विचार करा. या देशात थर्मामीटरला सावली मिळते. खडी फोडणारीला मिळत नाही. ४४ अंश हा सावलीतला आकडा. डांबर ओतणाऱ्याचा, वीटभट्टीवर विटा वाहणारीचा, पत्र्याच्या खोलीत दुपारी बाळाला घेऊन पडलेल्या पोरीचा आकडा कुठल्या पेटीत मोजतात?

आता मुद्द्यावर येतो. दुष्काळ ठरतो कशावर? आणेवारीवर. पीक सोळा आणे आलं, आठ आणे आलं, असं मोजायचे, म्हणून आणेवारी. आता पैसेवारी म्हणतात. पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. २०१६ ला केंद्राची नवी नियमावली आली, तिच्यात पाऊस, पेरणी, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, मातीतला ओलावा, सगळं धरलं. चांगलं आहे. मातीतला ओलावा मोजतात. माणसाच्या अंगातला ओलावा कोण मोजणार?

दुष्काळ जाहीर झाला की सवलती कुठल्या? जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत. ज्याला जमीन नाही, कर्ज नाही, पंप नाही, त्याला यातलं काय? पोरांची परीक्षा फी माफ, एवढं खरं. शेतकऱ्याला देऊ नका असं मी म्हणत नाही. कोरडवाहू शेतकरीही मरतोय, तो आपला भाऊ आहे. पण ज्याचं पीक म्हणजे त्याचं अंग, त्याची आणेवारी कुठल्या तलाठ्यानं काढली? उन्हात आठ तासांचं काम चार तासांवर आलं, म्हणजे त्याची आणेवारी आठ आणे. ऊन लागून तो पडला, म्हणजे बुडीत पीक. त्याची नोंद होते खाडा म्हणून. दुष्काळाच्या कागदावर तो नाही. उष्णतेच्या लाटेच्या कागदावर तो नाही, कारण दवाखान्यात पोचलाच नाही, किंवा पोचला तर हृदय बंद पडलं असं लिहिलं. दोन टेबलं, दोन कागद. आणि आपला माणूस दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीतून खाली.

रोजगार हमीचंच घ्या. बहात्तरच्या दुष्काळातल्या आपल्या बायकांच्या घामातून ती उभी राहिली. वि. स. पागे यांनी मांडली, १९७७ ला कायदा झाला, पुढं २००५ ला देशाचा कायदा तिच्याच वाटेनं आला. मागेल त्याला काम, हा हक्क कागदावर आला. मी त्याला कमी लेखत नाही. कायद्यात कामाच्या जागी सावली, पिण्याचं पाणी, लहान पोरांची सोय, सगळं लिहिलं होतं. किती कामांवर दिसलं? आणि मजुरी मापावर. वाळलेला मुरूम दुप्पट कठीण, ऊन दुप्पट, माप तेच. म्हणजे उन्हाची किंमत मजुराच्या पदरातून कापायची. आणि त्या कामातून झालं काय? पाझर तलाव, बांधबंदिस्ती. तलाव आम्ही खोदला. पाझरलं कुठं? तलावाखाली ज्याची विहीर आहे त्याच्या विहिरीत. आमच्याकडं विहीर नव्हती. आमचा घाम त्याच्या विहिरीला उतरला.

म्हणून पाण्याचा प्रश्न शेवटी जमिनीपाशी येतो. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, जमिनी पुरत्या हातात आल्या नाहीत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले. ते जमीन मागत होते तेव्हा पाणी आणि सावलीच मागत होते. जमीन असलेल्याला दुपारी झाडाखाली बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

मग काहीच होत नाही का? होतं. याच जिल्ह्यात झालं. १९७० ला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दवाखाना काढायला आले आणि बघतात तर रोगाच्या आधी पाणी. दुष्काळात गावोगाव बोअर घेतले, हातपंप बसवले. पंपाची जागा दलितवस्तीत येईल असं बघितलं. गावाला पाणी पायजे ना? या वस्तीत. भाषण नाही, ठराव नाही, एक पंप. बाभळीखालचा माठ त्यांनी उचलून इकडं आणला. त्या एका गोष्टीवर मी आजही विचार करतो.

दुसरं हिवरे बाजार. १९८९-९० पासून पोपटराव पवारांच्या पुढारपणाखाली गावानं पाणी अडवलं, ऊस नको म्हणाले, शेतीसाठी बोअर बंद. दरवर्षी पाऊस मोजायचा, ताळेबंद मांडायचा, पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, मग पीक ठरवायचं. याचा उन्हाशी संबंध आहे हे आता तुम्हाला कळेल. ओल धरणारी जमीन, झाडं असलेली टेकडी, म्हणजे भरलेला माठ. तो हवेला पुरता भट्टी होऊ देत नाही. माझं म्हणणं एवढंच की ताळेबंदात आणखी एक रकाना काढा. भूमिहीनाचा वाटा किती? पाण्यात, सावलीत, गायरानात.

तुम्ही शहरातली पोरं म्हणाल, हे गावाकडचं. अरे, तुमच्यातल्या किती जणांचे आजे दुष्काळानंच मुंबईला ढकलले? बहात्तरनंतर नगर, बीड, सोलापूरची माणसं ज्या झोपडपट्ट्यांत उतरली, तिथंच तुम्ही जन्मलात. तिथं वर पत्रा, खाली फरशी, बाजूला डांबर. माती दिसत नाही, झाड दिसत नाही, नळ दोन तास. तोही रिकामा माठच. शहरातला दुष्काळ पाऊस पडला तरी हटत नाही, कारण पाणी गटारात जातं. कर्जतची वस्ती आणि तुमची वस्ती एकाच उन्हात आहे.

तेव्हा करायचं काय? मी मोठा कार्यक्रम देत नाही. तीन कामं देतो.

पहिलं, मोजा. शे-दोनशे रुपयांत थर्मामीटर मिळतो. वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला आणि रात्री दहाला मोजा. सावली कुठं आहे, पाणी किती लांब आहे, लिहा. मजुरांच्या नाक्यावर बसा आणि विचारा, या महिन्यात उन्हापायी किती खाडे झाले? किती जण पडले? कोण गेलं? वहीत मांडा. फेब्रुवारी ते जून. ही झाली अंगाची आणेवारी. सरकार काढत नाही तर आपण काढू.

दुसरं, ती वही घेऊन तहसीलवर जा. मागणी साधी ठेवा. उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी. माप कमी, मजुरी पूर्ण. कामावर सावली आणि पाणी नसेल तर काम काढणाऱ्यावर कारवाई. ऊन लागून पडला तर खाडा नाही, हजेरी, आणि औषधपाणी. टँकर आला तर आधी वस्तीत. दुष्काळ जाहीर करताना भूमिहीनाच्या बुडालेल्या रोजाची भरपाई. आणि दुष्काळ आणि उष्णता यांचं टेबल एक करा. निसर्गात ती एकच आहेत.

तिसरं, बाभळीखालचा माठ शोधा. प्रत्येक गावात, प्रत्येक कामावर, प्रत्येक चाळीत तो असतो. पाणी असतं, सावली असते, फक्त आपल्या बाजूला नसते. ती कुणी तिकडं ठेवली हे विचारत जा. मोठ्यानं विचारत जा.

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली, "तुजी चुलती पानी मागत न्हवती रं. तिला ठावं हुतं, मिळायचं न्हाई. ती नुसती माठाकडं बघत हुती."

माझ्या अंगातलं ऊन त्या दिवसापासून उतरलेलं नाही. तुमच्याही अंगात थोडं जावं म्हणून बोललो.

जय भीम.